झोपेचा रकाना

कुणाच्या तरी जेवणाच्या डब्यात चमचा खणकला आणि डेट्रॉइटच्या त्या प्रसूती-दवाखान्यातली शांतता मोडली. तपासणीआधीचा फॉर्म भरता भरता गरोदर ओडेसाच्या कानावर शेजारच्या पोटुशीचं, सोबत आलेल्या ताईशी चाललेलं बोलणं आलं.

"ताई, रात्री किती तास झोपता, असं विचारलंय. तीन लिहू?"

"वेडी की काय! आठ लिही."

"अगं, हीटर बंद, त्यात गोदामातली पहाटेची पाळी..."

"ते यांना कशाला? आज झोप विचारतील, उद्या घर बघायला माणूस धाडतील. आपल्या गल्लीतल्या वर्नाची पोर अशीच नेली सरकारनं."

"नर्स गोड बोलते गं."

"म्हणून तर भीती!"

"बरं बाई, लिहिले आठ."

ओडेसानंही हळूच आपले चार खोडून आठ लिहिले.

पोटुशीला बिलगलेली चिमुरडी म्हणाली, "आई, तू आठ तास झोपतेस, तर रात्री मी उठते तेव्हा खिडकीशी कोण बसलेलं असतं?"