उलटा छापलेला तबलजी

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावर विराजमान झालेले ‘नादरेखा’ मासिकाचे संपादक विद्याधरपंत, ज्यांना निरोप द्यायला आपण या घाटकोपरच्या वाचनालयात जमलो आहोत त्या मृणालिनीबाई, त्यांचे यजमान, छापखान्यातली मंडळी आणि केव्हाचे खोळंबलेले रसिकजन हो,

मी सहदेव परब. राहणार मुलुंड, धंदा तबला. साथ करणाऱ्यानं पुढं बसून बोलू नये अशी आमच्यात रीत आहे. पण पंतांपुढं कुणाचं काय चालतं?

लेखावर लेखकाचं नाव असतं. पण ते पान जुळवतं कोण? छापून आलेल्या मजकुराच्या पट्ट्या कात्रीनं कापायच्या, कोऱ्या कागदावर खळीनं चिकटवायच्या, मथळा केवढा, फोटो कुठं हे ठरवायचं, ही सगळी उस्तवार इतकी वर्षं बाईंनी केली. पंतांना जरा रिकामी जागा दिसली की तिथं सुविचार घालावासा वाटतो. पंत, रागावू नका, सगळ्यांना ठाऊक आहे. बाई म्हणायच्या, “अहो, गवयालासुद्धा मध्ये श्वास घेऊ देतात!”

आता बाईंची एक चूक सांगतो. निरोपाच्या दिवशी चुका काढू नयेत, पण ही माझीच आहे, म्हणजे माझ्यावर झालेली.

चौपन्नच्या दिवाळी अंकात साथीदारांवर लेख होता. त्यात माझा फोटो. मी डावखुरा. तबला डाव्या हाताला, डग्गा उजव्या. बाईंना वाटलं, फोटोचा ठसा बनवणाऱ्या ब्लॉकवाल्यानं निगेटिव्हची काच उलटी धरली, म्हणून उजव्याचं डावं झालं. पूर्वी एका सतारियाची सतार अशीच भलत्या खांद्यावर गेली होती, तेव्हापासून त्या सावध. त्यांनी ब्लॉक परत पाठवून सुधारून घेतला. अंक निघाला आणि मी उजवा झालो! दुसऱ्या मासिकात ही चूक झालीच नसती. तिथं तबला कुठं नि डग्गा कुठं, हे बघतो कोण?

तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं? बिघडलं नव्हतंच. उलट माझ्या मंडळींना, नलिनीला, देव पावल्यासारखं वाटलं. वडील आमचे कोकणात देवळात मृदंग वाजवायचे. “डाव्या हातान वाद्याक शिवतंस?” म्हणून लहानपणी मी मजबूत मार खाल्ला आहे. पुढं मी मुंबईत नाव काढलं, थोडंफार, पण त्यांनी माझं वाजवणं एकदाही ऐकलं नाही. तेच वडील मार्गशीर्षात बोटीनं आमच्याकडं येणार होते.

तेवढ्यात, मी खरंच डावखुरा आहे हे कुणाकडून तरी कळून, बाई मुलुंडला घरी आल्या. “परब, वाट लावली हो मी तुमच्या फोटोची! पुढच्या अंकात अख्खं पान देते.”

मी म्हटलं, “बाई, हात जोडतो, राहू दे तसंच. वडील येताहेत. जन्मात एकदा तरी माझ्याकडं धड बघतील.”

 बाई म्हणाल्या, “वडिलांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण माझ्या पानावर तुमच्या जागी भलताच माणूस बसलाय. त्याला मी उठवणार.”

मी चिडलो, नको ते बोललो. बाई चहा न घेताच गेल्या आणि त्यांनी सांगितलं तेच केलं. अख्ख्या पानावर माझा फोटो, खाली एकच ओळ: मागील अंकात आमच्या चुकीनं फोटो उलटा छापला गेला, सहदेव परब डावखुरे आहेत. पंतांचा सुविचारही नाही!

वडील आले. नलिनीनं हा अंक गादीखाली दडवला आणि दिवाळी अंक त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं.

“ह्यो कोण?”

“मामंजी, असं काय करता? हेच की!”

“न्हय. माझो झील असो बसणा नाय. मारून मारून मी थकलंय, पण हेचो हात बदललो नाय.”

नलिनीचा चेहरा उतरला. तिनं निमूटपणे गादीखालचा अंक काढून दिला. वडिलांनी फोटोवर बोट ठेवलं. “हां! ह्यो आमचो सहदेव.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “वाजव बघूया.”

मी वाजवलं, डाव्यानंच. ते समोर बसून हातानं ताल देत राहिले. मला रडू आवरलं नाही. त्यात लपवायचं काय?

ते पान वडील गावी घेऊन गेले. गेल्या साली ते वारले, तेव्हा ते पान त्यांच्या देवघरात, देवांच्या शेजारी लावलेलं होतं.

बाई, यजमानांची बदली झाली म्हणून तुम्ही नागपूरला निघालात. तिथं सुखी राहा. लोक मदतीबद्दल आभार मानतात. तुम्ही त्या दिवशी माझं ऐकलं नाहीत, त्याबद्दल मी तुमचे आभार मानतो. अध्यक्ष महाराज, आपण वेळ दिलात, उपकार झाले. बोलताना कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर पोटात घाला.