मूल झोपतं कुठं?

ओहायोतल्या आमच्या उपनगरात शाळेच्या नावनोंदणीला कडेवर बाळ घेऊन उभी होते. पुढे नातीचं नाव घालायला आलेले लिंडक्विस्ट आजोबा, खिडकीत कारकूनबाई.

"आजोबा, शाळांची हद्द तुमच्या घरातूनच जाते. स्वयंपाकघर आमच्यात, झोपायच्या खोल्या पलीकडच्या गावात."

"रेघ आखली तेव्हा तिथं मका होता. बापानं नेमकं रेघेवरच घर बांधलं."

"मग नियम एकच, मूल झोपतं तिथली शाळा. नात झोपते कुठं?"

"तिची आई गेल्यापासून? कुठंच धड नाही."

"मला काहीतरी लिहायला हवं."

"स्वयंपाकघर लिहा. तिथल्या खुर्चीत, माझ्या मांडीवर."

"रोज?"

"तीन महिने झाले. तिची आई तुमच्याच शाळेत शिकली हो."

बाईंनी शिक्का मारला. "पण घर तपासायला माणूस येतो. तिथं पलंग दिसला पाहिजे."

"कालच आणलाय. फ्रिज व्हरांड्यात गेला."