मामांच्या घराचा स्लॅब

आमच्या घरात एक नियम आहे, आणि त्यावर प्रश्न विचारायचा नाही. घर बांधायचं तर कंत्राट पाहुण्यालाच, म्हणजे नात्यातल्याच माणसाला, द्यायचं आणि त्याचं आधीचं काम बघायला जायचं नाही. त्यानं पाहुण्याचा अपमान होतो म्हणे! म्हणून आमच्या नव्या घराचं काम आत्याच्या नवऱ्याला, म्हणजे बांधकामाची कंत्राटं घेणाऱ्या दिनकरमामांना, द्यायचं ठरलं.

परवा नकाशा द्यायला मी उचगावला त्यांच्या घरी गेले. बघते तर त्यांच्याच घरावर दुसरा मजला चढत होता, स्लॅब ओतला जात होता. मामा मात्र खाली खुर्चीत चहा पीत बसलेले.

मी म्हटलं, "मामा, तुमची माणसं जोरात आहेत की!"

"माझी कुठली? पेठ वडगावचा कंत्राटदार लावलाय. लई पक्कं काम करतोय."

मला वाटलं, चेष्टा करतायत. "मग तुम्हीच का नाही बांधत?"

"अगं, ह्या स्लॅबखाली आम्हाला झोपायचं हाय की!"

हे ते हसून नव्हे, अगदी सहज बोलले. नकाशा न देताच मी घरी परत आले.

आजोबा आणि बाबा मुहूर्ताचा नारळ समोर घेऊन बसले होते. सगळं ऐकून आजोबा म्हणाले, "पावण्यास्नी न्हाय म्हणायचं नसतंय, पोरी."

"नारळ मामांनाच फोडू दे," मी म्हटलं. "पण स्लॅब त्यांनी घातला तर मी त्या घरात झोपणार नाही. तुम्ही झोपणार असाल तर आत्ता सांगा."

आजोबांनी बाबांकडे बघितलं, बाबांनी नारळाकडे.