एका अंगाचे दोन कागद

— बस गं, बस. चाललीस कुठं पोरी? पिशवीच्या तोंडाच्या रिपोर्टात खराबी निघाली म्हणून परत बोलावलं, एवढंच ना? आन् खराबी म्हंजी लगेच कॅन्सर नसतो, असं सिस्टर मघाशी तुलाच सांगत व्हत्या ना? मी कान देऊन ऐकलं, खोडच हाय मला. आता दुर्बिणीनं बघतील, जरा चिमटा बसंल — झालं. मी? तुझी पहिली तपासणी झाली ना, ती मी दोनदा करून घेतलीय. एकाच दिवशी! हस, हस. फुलंब्रीकडं कुणालाबी विचार, राजाबाई थापाडी म्हणतील. पण ही थाप नाय. थाप असती तर बरं झालं असतं.

तीन वर्षांमागं गावच्या शाळेत ह्याच तपासणीचं शिबिर लागलं. बायका विचारायल्या, आत काय करतेत? मला कुठं ठाव? पण राजाबाई गप बसंल व्हय! म्हणलं, तपासायच्या नावाखाली गर्भपिशवी काढून नेतेत — जीपमागं बरण्या बघितल्या मी, एका बरणीवर तर आपल्या सरपंचीणबाईचं नाव! बाया पोट धरून हसल्या आन् हसत हसत आत गेल्याबी. एक हसली नाय — माझी धाकली जाऊ, रत्नमाला. तिच्या आईची पिशवी खरंच काढलेली, ऊसतोडीत खाडा नको म्हणून. तिला कशी गंमत वाटावी? मक्यात जाऊन लपली. इकडं सरकारी दवाखान्याची आशाताई, प्रेरणा, रडकुंडीला — यादीत नाव हाय, बाई नाय. म्हणलं, रडू नको. सकाळी माझ्या नावानं तपासायच्या टेबलावर झोपले व्हते. जेवणानंतर दुसऱ्या डॉक्टरीणबाई आल्या तवा लुगडं बदललं, पदर ओढला, आन् रत्नमालाच्या नावानं झोपले. आम्ही तिघी पंधरा दिवस हसत व्हतो. तिघी म्हंजी, रत्नमालाबी.

कागद आले. दोन्ही चांगले — चांगलेच येणार, अंग एकच! तिचा नवरा खंडेराव, माझा दीर, त्यानं तिचा कागद प्लास्टिकमधी घालून कपाटात ठिवला. मग मागच्या दिवाळीपासून तिला नवऱ्याजवळ गेलं की रक्त, पाळी नसतानाबी रक्त. ती म्हणायची, दवाखान्यात न्या — की खंडेराव तो कागद काढायचा. "सरकारी डॉक्टरनं लिहून दिलंय, काय नाय तुला." वाळूजला कंपनीत हाय, सुट्टी टाकायची म्हणलं की जीवावर येतं त्याच्या. तू म्हणशील, तिनं सांगावं ना, मी गेलेच नव्हते? कसं सांगंल? पहिला सवाल — मग कागद कुणाचा? मला झाकत बसली, येडी! आन् मी? मी तिथंच, भाकरी थापीत. एक दिवस त्यानं मलाच विचारलं, "वयनी, तुमीच नेलती ना हिला?" म्हणलं, व्हय. आयुष्यभर माझं कुणी खरं मानलं नाय, आन् ते एक व्हय त्यानं डोळे झाकून मानलं. दहा महिने, पोरी — दहा. तुझं वेळेत सापडलंय, आन् तू पायात चपला घालायली. तिला आत गाठ लागलीय डॉक्टरच्या हाताला. तपासायला तुकडा काढायलेत आता. हर्सूलपासून रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली व्हती. शिव्या दिल्या असत्या तर... नाय दिल्या.

आन् खंडेराव? तो कंपनीत पहिल्या पाळीला गेला. जाताना ह्यो बघ, ह्यो कागद माझ्याच हातात दिला — "वयनी, डॉक्टरला दाखवा, आधी काय नव्हतं म्हणावं."

काय सिस्टर? व्हय, रत्नमालासोबत मीच हाय. जुना रिपोर्ट?

नाय. तिची तपासणी... कधी झालीच नाय, सिस्टर. ल्ह्या तसं. मी सांगते, ल्ह्या.

तू काय बघती गं माझ्या तोंडाकडं? नाव पुकारलं तुझं. जा.