अण्णांचं पक्कं सिमेंट

हसणार नसाल तर सांगते. मी छिन्नी मारत होते दाराजवळ आणि हललं ते पार तिकडं, अण्णांच्या खाटेच्या वर भिंतीला टांगलेलं कॅलेंडर. तिथंच थांबायला पाहिजे होतं.

आमच्या कुंभार पिंपळगावच्या दगडी घराला आतून सिमेंट अण्णांनीच चढवलेलं, खाली कोंबडीजाळी ठोकून. तेव्हापासून भिंती ओल्याच. मिस्त्री बाजाराला गेल्ते, म्हणून सिमेंट काढायला मीच बसले. म्हटलं, "अण्णा, खाट तरी सरकवू द्या."

"जाळी मारून केलंय बाई. टवका निघणार न्हाई तुला." एवढं बोलून, खडखड नको म्हणून कानातलं मशीन काढून ते झोपले.

टवका खरंच निघाला नाही. भिंतभर सिमेंट जाळीसकट सुटलं आणि त्यांच्यावर झुकलं. मी धावत खाटेवर चढले, त्याला पाठ लावली. "अण्णा, उठा. अण्णा!" मोबाईल दाराशी. घसा बसेपर्यंत ओरडले, रडले, शेवटी पायानं त्यांना ढोसलं.

अण्णांनी डोळे उघडले. भिंतीला टेकलेल्या माझ्याकडं शांतपणे पाहिलं.

"दमलीस ना? म्हन्लं होतं, निघणार न्हाई."