हसण्याचं कारण

—शटर कशाला खाली ओढलं, आप्पासाहेब? आत हवा नाय. बरं, राहू द्या. तुम्ही वैजापूरहून ही कॅसेट घेऊन आलात, तवाच मी ओळखलं, कायतरी बिनसलं. पोराचं लग्न मीच शूट केलं, कॅसेट मीच जोडली, ह्या कडुबानंच — नाय म्हणतो का मी? पण एवढ्यासाठी सूनबाईला माहेरी धाडलं? कॅसेटीत ती एका पोराकडं बघून हसली म्हणून? अहो, त्याच्याकडं बघून ती हसलीच नाय! ते पोरगं तुमच्या मांडवात नव्हतंच!

डोळे वटारू नका, ऐका. हे दोन व्हीसीआर बघा. ह्यात शूटिंगची कॅसेट लावायची, त्यात कोरी. ह्यातलं पायजे तेवढं त्यात उतरवायचं, बटन दाबून थांबायचं, दुसरा तुकडा शोधायचा, परत उतरवायचं — झालं एडिटिंग. अन् गंमत काय हाय, एकटा तुकडा काहीच बोलत नाय. नवरी हसली. का हसली? पुढं जिलेबीचं ताट दाखवा — खादाड. पुढं तान्हं लेकरू दाखवा — मायाळू. पुढं तरणं पोरगं दाखवा — व्हय, तेच. हसणं तेच, केसाचा फरक नाय. बाकीचं सगळं बघणाऱ्याच्या डोक्यात शिजतं.

मग खरं कशाला हसली? तिची आजी, गोजरबाई! मंगलाष्टकं लांबली, म्हातारी मुठीत अक्षता धरून खुर्चीतच घोरायला लागली. मी कॅमेरा वळवेपर्यंत कुणीतरी तिला हलवून उठवलं. हसणं माझ्या हाती लागलं, हसण्याचं कारण निसटलं. आता येड्यावानी आपलीआपण हसणारी नवरी ठेवू कॅसेटीत? इज्जत तुमचीच जाईल. म्हणून दुसऱ्या लग्नातलं टाळ्या वाजवणारं पोरगं तिथं डकवलं. सगळेच करतात हो हे. तुमच्या वरातीत घोडा दोनदा दिसतो ना? त्यातला एक जालन्याचा हाय.

गोजरबाईला विचारता? झोपलेल्या माणसाची साक्ष कोण धरणार? शूटिंगची कॅसेट… ती नाय. तिच्यावर पुढचं लग्न घेतलं. कोरी कॅसेट दर वेळेला कुठून आणायची? कसमसे खरं सांगतो. समोर तुम्ही, मागं भिंत, अन् तिकडं ती पोर काय केलं नसताना माहेरी रडतीय, आप्पासाहेब. तिला आणा परत.

दुसरं लग्न कुणाचं? असंल कुणाचं तरी. जाऊ द्या ना… बरं. उस्मानपुऱ्यात. बुद्धविहारात. — बघा, चमकलात! म्हणूनच सांगत नव्हतो. विद्यापीठाचं नाव बदलून महिना नाय झाला, गावोगाव माणसं एकमेकांकडं कशी बघतात, मला ठावं नाय व्हय? पण सूनबाईचा अन् त्याचा काय संबंध? त्यानं वैजापूर जन्मात बघितलं नसंल. खोटं वाटत असंल तर त्यालाच विचारा की! रतन म्हणतात त्याला, वाळूजला कंपनीत हाय, दुपारपाळीच्या बसला क्रांती चौकात रोज उभा असतो, कॅसेटीतला तोच निळा शर्ट —

घड्याळ कशाला बघता?

नाय, आप्पासाहेब. मी बोललो ते सूनबाईसाठी बोललो. तुम्ही एकट्यानं जाऊन नीट विचारा, असं म्हणलो मी. बाहेर जीपमध्ये कोण हायत? एवढी माणसं कशाला आणली? बसा ना, चहा सांगितलाय. शटर… हां, उघडलं ते बरं केलं, तसंच राहू द्या — अहो, परत खाली का? कुलूप कशाला घालता? मी आत हाय! आप्पासाहेब! त्यानं काय केलं नाय हो! तो निस्ता टाळ्या वाजवत होता! त्याच्या बहिणीच्या लग्नात निस्ता टाळ्या — आप्पासाहेब?

जीप चालू करू नका.