दरबाराचा पडदा

विषय: मेहकरातील कलेचा शोध. संदर्भ: माझी सेवानिवृत्ती.

तर झालं असं, की परवा मी दंडारीच्या खेळांसाठी पडदे रंगवणाऱ्या श्यामराव पेंटरांकडे गेलो. गावात इतकी कला आहे हे मला पेन्शनीत आल्यावर कळलं. विचारलं, "तुमचा सगळ्यात चांगला पडदा कोणता?"

"दरबाराचा. तुमच्याच हापिसातल्या कार्यक्रमाले नेला, अन् वापस आलाच नाही. गावात एकदा टांगलेला पाह्याचा हाय मले."

मी त्यांना तसंच हाताला धरून कचेरीत नेलं. रेकॉर्ड रूममध्ये छप्पर गळतं म्हणून फायलींवर एक जाड कापड टाकलेलं असतं. नोकरीभर ते मी पाहत आलो होतो. दोघांनी मिळून ते उलटलं. आत सोनेरी खांब, झुंबरं, पिसारा फुलवलेले मोर, आणि रंग कालच दिल्यासारखे.

श्यामराव म्हणाले, "काऊन हो बाबूसाहेब, इतकी वर्षं उलटाच पांघरला?"

आवाज ऐकून नवा बाबू रजिस्टर घेऊन आला. नोंद होती, 'ताडपत्री, एक नग.' अक्षर माझं.

"काका, रजिस्टरात पडदाच नाही, मंग देऊ कसा? अर्ज करा. अन् ताडपत्रीवर चित्र कसं आलं, याचा खुलासा नोंद करणाऱ्याकडून आणा."

खुलासा मी तिथंच उभ्यानं लिहून दिला. आता आम्ही दोघं रोज चौकशीला जातो. मी बाबूशी बोलतो, तेवढ्यात श्यामराव पडदा पाहून घेतात.

अर्ज प्रलंबित आहे.